फळ्या बदलल्या, तरी जहाज तेच का? : व्हॉयव्हॉड नावाच्या एका बँडची गोष्ट

या मालेत मागच्या काही व्याख्यानांत आपण ‘तेच असणं’ म्हणजे काय, या प्रश्नाशी झटापट करतो आहोत. एखादी वस्तू काल होती तीच आज आहे, हे आपण कशाच्या आधारावर म्हणतो? ग्रीकांचं थीसियसचं जहाज आपण पाहिलं. अथेन्सच्या लोकांनी ते जपून ठेवलं, कुजलेली फळी काढली की नवी बसवली, आणि शेवटी जुनी एकही फळी उरली नाही. प्लुटार्क सांगतो की तत्त्वज्ञांमध्ये त्यावरून दोन तट पडले.

उदाहरण सुंदर आहे, पण आम्हाला त्यात एक उणीव नेहमी जाणवते. फळी गेली तर तिच्यासाठी कोणी रडत नाही. शिवाय जहाज कुठे जायचं हे फळी ठरवत नाही. माणसांच्या समूहात तसं नसतं. तिथली एखादी ‘फळी’ जहाजाचा नकाशाही काढत असते आणि शीडही शिवत असते. अशी फळी गेली तर काय उरतं? म्हणून आज जहाज बाजूला ठेवू आणि एक बँड घेऊ. कॅनडातला, थ्रॅश मेटल वाजवणारा, व्हॉयव्हॉड नावाचा. आपल्यापैकी पुष्कळांनी हे संगीत ऐकलेलं नसेल. काही बिघडत नाही, आपण पायरीपायरीने जाऊ.

थ्रॅश म्हणजे काय?

हेवी मेटल या संगीताचा उगम बहुतेक जण इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला नेऊन ठेवतात. गाव कारखान्यांचं. तिथल्या ‘ब्लॅक सबाथ’ बँडचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात काम करायचा, आणि यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा वादक, म्हणजे तारा दाबायचा तो हाच हात. त्याने बोटांना टोपणं बसवली, पुढे तारा सैल केल्या, आणि त्यातून तो जड, खर्जातला आवाज घडत गेला. १९७० साली त्यांचा पहिला अल्बम आला.

पुढे दहा-बारा वर्षांनी अमेरिकेतल्या पोरांनी हा जडपणा घेतला आणि त्याला पंक संगीताचा वेग जोडला. तो थ्रॅश. मेटालिकाचा पहिला अल्बम १९८३ चा. स्लेयर, मेगाडेथ, अँथ्रॅक्स हे त्याच पिढीतले. जर्मनीत कोळसा-पोलादाच्या रूर पट्ट्यातून क्रिएटर आणि सोडम आले. थ्रॅशची ओळख सांगायची तर तीन गोष्टी: वेग, गिटारचे तुटक-तुटक घाव, आणि विषय. विषय प्रेमाचे नाहीत. अणुयुद्ध, प्रदूषण, सत्तेचा खोटेपणा, वेड. शीतयुद्धाच्या शेवटच्या दशकातल्या तरुणांना रात्री जे दिसत होतं, ते त्यांनी वाजवलं.

अॅल्युमिनियमचं गाव

आता नकाशावर क्यूबेक बघा. कॅनडाचा फ्रेंच बोलणारा प्रांत. क्यूबेक शहराच्या उत्तरेला सुमारे २०० किलोमीटरवर सागने नदीच्या खोऱ्यात जाँक्येर नावाचं गाव आहे. त्याला लागूनच आर्व्हिडा. ही वसाहत १९२० च्या दशकात अॅल्युमिनियम कंपनीने वसवली. नावसुद्धा कंपनीच्या प्रमुखाचं आहे: आर्थर व्हायनिंग डेव्हिस, या तिन्ही शब्दांची पहिली दोन-दोन अक्षरं घेऊन आर्व्हिडा. पाणी मुबलक, म्हणून वीज स्वस्त, आणि अॅल्युमिनियमला वीज प्रचंड लागते. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांच्या विमानांना लागणाऱ्या अॅल्युमिनियमचा मोठा वाटा इथून गेला. १९७५ मध्ये आर्व्हिडा जाँक्येरमध्येच विलीन झालं.

अशा गावात १९८२ साली चार मुलं एकत्र आली. गिटारवर डेनी दामूर, टोपणनाव ‘पिगी’. ड्रमवर मिशेल लांजव्हँ, म्हणजे ‘अवे’. बासवर ज्याँ-इव्ह तेरियो, ‘ब्लॅकी’. आणि गायला डेनी बेलांजे, ‘स्नेक’. मातृभाषा फ्रेंच, गाणी इंग्रजीत. परक्या भाषेत लिहिल्यामुळे त्यांच्या शब्दांना एक तिरकेपणा आला. व्याकरण थोडं वाकडं, प्रतिमा अनपेक्षित. ते त्यांना शोभलं.

‘व्हॉयव्हॉड’ हा मूळ स्लाव भाषांमधला शब्द, अर्थ सेनानायक, सरदार. ड्रॅक्युलाच्या कादंबरीतही तो येतो. पण या मुलांच्या डोक्यात व्हॉयव्हॉड हे एक पात्र होतं. अणुयुद्धानंतरच्या जगात फिरणारा, अर्धा रक्तपिपासू, अर्धा योद्धा. ते पात्र अवेने कागदावर काढलं. बँडच्या अल्बमांची चित्रंही तोच काढत आला. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

पिगीचा स्वर

पहिला अल्बम १९८४ चा, ‘वॉर अँड पेन’. कच्चा, खरखरीत. पुढच्या वर्षी मंडळी माँट्रियलला गेली. १९८६ मध्ये दुसरा अल्बम आला, त्याचं नाव म्हणजे नुसती एक डरकाळी आहे. इथपर्यंत ते अनेकांपैकी एक होते. १९८७ मध्ये बर्लिनमध्ये हॅरिस जॉन्सबरोबर ध्वनिमुद्रित केलेला ‘किलिंग टेक्नॉलॉजी’ आला, आणि १९८८ मध्ये तिथेच ‘डायमेन्शन हॅट्रॉस’. या दोन अल्बमांत काहीतरी वेगळं घडलं.

काय घडलं, ते आपल्या भाषेत सांगतो. पेटी काढा. सा दाबून धरा आणि त्याबरोबर तीव्र मध्यम दाबा. कान लगेच अस्वस्थ होतो. पंचम लावला तर घरी आल्यासारखं वाटतं, तीव्र मध्यमावर मात्र आपण उंबरठ्यावरच अडकतो. पाश्चात्त्य संगीतात या अंतराला ट्रायटोन म्हणतात. ब्लॅक सबाथने आपल्या पहिल्याच गाण्यात ते भीती घालण्यासाठी वापरलं. पिगीने वेगळी गोष्ट केली. त्याने ही अस्वस्थता भीतीसाठी राखून ठेवली नाही, तिथेच बिऱ्हाड केलं. त्याच्या गिटारच्या जोडस्वरांत ही ओढाताण सतत असते. पाश्चात्त्य कान जिथे ‘आता मोकळं कर’ म्हणतो, तिथे तो मोकळं करत नाही, दुसऱ्याच ओढाताणीकडे घेऊन जातो.

दुसरी गोष्ट मात्रांची. रॉक संगीत बहुतेक वेळा चार मात्रांवर चालतं. व्हॉयव्हॉड पाच, सात अशा मात्रांत सहज शिरतो. आपल्याला रूपक, झपताल ओळखीचे आहेत, आपल्याला यात नवल नाही. पण थ्रॅशच्या वेगात हे करायचं म्हणजे धावत्या गाडीत सुईत दोरा ओवण्यासारखं आहे. पिगीला किंग क्रिम्सनसारखे सत्तरच्या दशकातले प्रयोगशील बँड आवडायचे. अवेला पंकही तितकाच प्रिय. त्या दोन आवडींच्या घर्षणातून हा आवाज निघाला.

‘डायमेन्शन हॅट्रॉस’मध्ये कथा अशी की व्हॉयव्हॉड कणांची टक्कर घडवून एक नवं सूक्ष्म विश्व निर्माण करतो आणि तिथल्या समाजांत फिरून येतो. कथा पोरकट वाटू शकते. पण संगीतात तेच चालू असतं: ओळखीच्या नियमांची टक्कर घडवायची आणि निघालेल्या जगात राहून बघायचं.

‘कल्ट’ का?

१९८९ मध्ये ‘नथिंगफेस’ आला. मोठ्या कंपनीचं पाठबळ, पिंक फ्लॉइडच्या ‘अॅस्ट्रॉनॉमी डॉमिनी’ची नवी मांडणी, आणि अमेरिकेत बिलबोर्डच्या पहिल्या २०० अल्बमांत प्रवेश. १९९० च्या दौऱ्यात व्हॉयव्हॉड मुख्य बँड होता आणि त्याच्या आधी वाजवायला होते साउंडगार्डन आणि फेथ नो मोर. थोड्याच काळात हे दोघे जगभर गाजले. व्हॉयव्हॉड जिथे होता तिथेच राहिला.

अशा बँडला ‘कल्ट’ म्हणतात. अर्थ भक्तसंप्रदाय, पण छोटा. आपण म्हणतो ना, ‘कवींचा कवी’, तसा हा वादकांचा बँड. लोकप्रिय बँडच्या श्रोत्याला गाणं आवडतं. कल्ट बँडच्या श्रोत्याला वाटतं की हे टिकलं नाही तर जगातली एक शक्यता बुजेल. म्हणून तो जास्त हळवा असतो, आणि जास्त कठोरही. ‘हे आता ते राहिले नाहीत’ असं पहिल्यांदा तोच म्हणतो.

फळ्या निघू लागल्या

१९९१ मध्ये ‘एंजल रॅट’ येता येता ब्लॅकी बाहेर पडला. १९९३ च्या ‘द आउटर लिमिट्स’नंतर, १९९४ मध्ये स्नेकही गेला. एरिक फॉरेस्ट हा नवा माणूस आला, बासही वाजवायचा आणि गायचाही. तिघांनी १९९५ ला ‘नेगाट्रॉन’ आणि १९९७ ला ‘फोबॉस’ केला, दोन्ही काळेकुट्ट, जड. १९९८ मध्ये जर्मनीत दौऱ्यावर असताना गाडीला अपघात झाला, फॉरेस्ट गंभीर जखमी झाला. २००१ मध्ये बँड थांबला.

लगेच पुन्हा सुरूही झाला. स्नेक परतला, आणि बासवर आला जेसन न्यूस्टेड, जो त्याच वर्षी मेटालिका सोडून बाहेर पडला होता. जगातल्या सर्वांत मोठ्या मेटल बँडमधला माणूस या आडवळणाच्या बँडमध्ये आला. २००३ चा अल्बम या चौघांचा, नाव नुसतं ‘व्हॉयव्हॉड’.

आणि २६ ऑगस्ट २००५ रोजी माँट्रियलमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने पिगी गेला. वय ४५.

आता नीट ऐका, कारण आपला प्रश्न इथे उभा राहतो. पिगीने घरी लॅपटॉपवर गिटारचे तुकडे ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. २३ गाण्यांइतकं साहित्य. जाण्यापूर्वी ते कसं वापरायचं याच्या सूचनाही त्याने सहकाऱ्यांना दिल्या. उरलेल्या तिघांनी त्याच्या गिटारभोवती ड्रम, बास आणि गायन बसवलं. २००६ ला ‘कॅटॉर्झ’ आला, १० गाण्यांचा. २००९ ला ‘इन्फिनी’, १३ गाण्यांचा. साहित्य संपलं. बँड इथे संपायला हरकत नव्हती.

पण २००८ मध्येच मंचावर एक नवा गिटारवादक उभा राहिला होता. डॅनियल मोंग्रेन, टोपणनाव ‘च्युई’. लहानपणापासून याच बँडचा भक्त. त्याच्या स्वतःच्या ‘मार्टिर’ बँडने २००६ मध्ये ‘डायमेन्शन हॅट्रॉस’मधलं एक गाणं वाजवलं होतं. ब्लॅकीही काही वर्षांसाठी परत आला. २०१३ ला ‘टार्गेट अर्थ’, २०१८ ला ‘द वेक’, आणि त्याला २०१९ मध्ये कॅनडाचा जूनो पुरस्कार. २०२२ ला ‘सिंक्रो अनार्की’. सगळ्यांवर नाव तेच, व्हॉयव्हॉड. तेच का?

तीन उत्तरं

पहिलं उत्तर: नाव ज्याच्याकडे, बँड तो. हे कायद्याचं उत्तर झालं. हॉब्सने थीसियसच्या जहाजाला एक पीळ दिला होता: समजा काढलेल्या जुन्या फळ्या कोणी गोळा करून दुसरं जहाज बांधलं, तर खरं कोणतं? रॉकच्या दुनियेत हे शब्दशः घडतं. ‘क्वीन्सराइक’ नावाचे दोन बँड काही काळ एकाच वेळी वाजवत होते, २०१४ मध्ये तो वाद मिटला. नाव कोणाचं हे त्यातून ठरलं. संगीत कुठे होतं, हे तसल्या निकालातून ठरत नाही.

दुसरं उत्तर: माणसं तीच तर बँड तोच. हे फारच कडक आहे. मग १९९४ च्या पुढचा व्हॉयव्हॉड व्हॉयव्हॉड नाहीच, आणि २००२ मध्ये तो पुन्हा थोडा थोडा होतो. ह्यूमने तर आत्म्यालाच प्रजासत्ताकाची उपमा दिली होती: माणसं बदलतात, कायदेही बदलतात, तरी राष्ट्र तेच. समूहाच्या बाबतीत माणसं बदलणं हा अपवाद नसतो, तो त्याच्या जगण्याचाच भाग असतो.

तिसरं उत्तर: घडण तीच तर बँड तोच. लॉक म्हणतो, ओक वृक्षाचे कण बदलतात पण त्यांची जुळणी, एकत्र जगण्याची रीत तीच राहते. हे बरंच जवळ येतं. आपण घराण्याबद्दल असंच बोलतो. पण मग एक अडचण येते. पिगीची हुबेहूब नक्कल करणारा कोणीही घडण राखेल. उद्या यंत्रही राखेल. तरी आपण त्याला व्हॉयव्हॉड म्हणणार नाही. का?

इथे आपल्याला नागसेन मदत करतो. मिलिंद राजा, म्हणजे ग्रीक मिनँडर, आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? नागसेन म्हणतो, एकच नाही आणि वेगळीही नाही, एकीच्या आधाराने दुसरी आली आहे. शेजारच्या घरातली ज्योत दिसायला अगदी तशीच असेल, पण ती या ज्योतीतून आलेली नाही. नक्कल आणि वारसा यांतला फरक तो हाच. नकलेत सारखेपणा असतो. वारशात कार्यकारणाची साखळी असते: कोण कोणाबरोबर वाजवलं, कोणी कोणाला हाक दिली, जाणाऱ्याने राहणाऱ्याच्या हाती काय ठेवलं.

पण साखळी पुरेशी आहे का? आमच्या मते नाही. साखळी आपोआप चालते, दिव्याला निवड करावी लागत नाही. माणसांना करावी लागते. पॉल रिकर या फ्रेंच तत्त्वज्ञाने दोन प्रकारचं ‘तेच असणं’ वेगळं केलं. एक दगडाचं, न बदलणं. दुसरं वचन पाळणाऱ्याचं: मी बदललो, परिस्थिती बदलली, तरी दिलेला शब्द मी राखतो. व्हॉयव्हॉडचं तेच असणं दुसऱ्या जातीचं आहे. २००५ नंतर ती एक न सापडलेली वस्तुस्थिती नव्हती, ज्याचा आपण शोध घ्यायचा. तो राखायचा शब्द होता.

शब्द कोणता? १९८७ पासून या बँडने श्रोत्यांना जे सांगितलं ते असं मांडता येईल: आम्ही सोप्या जागी थांबणार नाही. म्हणून च्युईपुढचा पेच फार अवघड होता. पिगीसारखं वाजवलं नाही तर वारसा तुटला. नुसतं पिगीसारखं वाजवलं तर शब्द मोडला, कारण पिगी स्वतः कधी कालच्या पिगीसारखा वाजवत नव्हता. ‘द वेक’ ऐकताना हा पेच कानांना कळतो. जोडस्वरांची ती ओढाताण ओळखीची आहे, पण वाक्यं नवी आहेत. शेवटाला तारवाद्यांची साथ येते, आधीच्या गाण्यांतले धागे परत येतात. आम्हाला वाटतं, शब्द राखला गेला. हे मत आहे, सिद्धता नव्हे. वचन पाळलं की नाही हे ऐकूनच ठरवावं लागतं.

प्रश्नोत्तरं

*एक श्रोता: सर, मग थांबणं हा गेलेल्याचा जास्त आदर झाला नसता का?*

झाला असता, काही वेळा तोच योग्य मार्ग असतो. पण इथे दोन गोष्टी बघा. एक, गेलेल्याने स्वतः साहित्य आणि सूचना मागे ठेवल्या होत्या. दोन, ते साहित्य आधी पूर्ण वापरून संपवलं, मगच नव्या गिटारवादकाचा अल्बम केला. त्याच्या तुकड्यांत दुसऱ्याची गिटार मिसळून पुढची वीस वर्षं ‘पिगी अजून आहे’ असा भास विकता आला असता. तो अनादर झाला असता. गेलेल्याला गेलेला मानणं आणि तरी काम चालू ठेवणं, या दोन्ही गोष्टी एकत्र जमू शकतात.

*दुसऱ्या श्रोत्या: पण समजा चौघेही गेले, तर?*

उत्तम प्रश्न. सुरुवातीला आम्ही म्हटलं होतं, अवेचं चित्रकाम लक्षात ठेवा. पहिल्या अल्बमपासून आजपर्यंत एकही अल्बम न चुकवलेला तो एकटाच आहे. पिगी बँडचा कान होता असं म्हटलं तर अवे त्याची स्मृती आहे. वचन पाळायचं तर ते कोणाला तरी आठवत असावं लागतं. पण स्मृती शिकवता येते. च्युई आत आला तेव्हा त्याला ती गाणी पाठ होती, कुणी सांगण्याआधीच. तेव्हा उत्तर असं: चौघे गेले तरी बँड तत्त्वतः चालू राहू शकतो, पण त्यासाठी त्यांच्या हयातीतच पाचव्याला आत घ्यावं लागेल. नंतर बाहेरून कोणी दिवा लावला तर तो शेजारच्या घरातला दिवा.

पुढच्या वेळी येताना तीन अल्बम याच क्रमाने ऐकून या: ‘डायमेन्शन हॅट्रॉस’, ‘कॅटॉर्झ’, ‘द वेक’. आवाज आधी बेताचा ठेवा. पहिल्या ऐकण्यात गोंगाट वाटेल, दुसऱ्यात मात्रा मोजता येतील. तिसऱ्यानंतर आपण चर्चा करू.